सलाइनची सिस्टर

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मार्सेलीन सिस्टरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

मी केसपेपरच्या खिडकीत बसले होते. वय चोवीस, अंगावर नवा ड्रेस, समोर कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा. अकराच्या सुमाराला एका रिक्षातून तिघांनी मिळून एका माणसाला उचलून आणलं. नारळ पाडायला चढलेला, उतरताना हातातला कोयता मांडीत घुसला होता. लुंगी रक्ताने भिजून पायाला चिकटली होती. मला आदल्या दिवशी शिकवलं होतं तसं मी विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव? वय? पत्ता?" त्याचा भाऊ नाव सांगायला लागला आणि मध्येच रडायला लागला. तेवढ्यात कॅज्युअल्टीच्या दारातून एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई बाहेर आली. तिने ट्रॉली आत ढकलली, खिडकीत हात घालून माझं पेन उचललं आणि म्हणाली, "बाहेर ये."

मी गेले. तिने माझ्या हातात कापसाची जाड घडी दिली आणि माझे दोन्ही हात धरून त्या माणसाच्या मांडीवर ठेवले. "दाब. जोरात. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

डॉक्टर येऊन टाके घालायला लागेपर्यंत मी दाबून उभी होते. नंतर मी बेसिनवर हात धुतले. सिस्टरांनी मला स्टुलावर बसवलं, पेन परत केलं आणि म्हणाल्या, "नाव कुठे पळून जात नाही, बाय. रक्त पळतं. आता जा, लिही काय लिहायचं ते."

आमचं हॉस्पिटल वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, वाड्यांच्या मधोमध. एका जुन्या संस्थेचं. इमारत बैठी, आवारात दोन बकुळीची झाडं, आणि रस्त्याकडच्या टोकाला सहा खाटांची कॅज्युअल्टी. अर्नाळ्याचे कोळी, निर्मळ-नंदाखालचे वाडीवाले, नालासोपाऱ्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेले लोक, सगळ्यांना अडीअडचणीला तेच दार माहीत. त्या दाराशी मार्सेलीन सिस्टर सव्वीस वर्षं होत्या. मी त्यांच्याबरोबर शेवटची अकरा वर्षं काढली.

त्या नंदाखालच्या. रोज सकाळी स्कूटीवरून यायच्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि ॲप्रनच्या छातीवर ओळीने टोचलेल्या सेफ्टीपिना. स्कूटीला अडकवलेल्या पिशवीत घरच्या वाडीतली वेलची केळी असायची. ती स्वतःसाठी नसायची. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर जे नातेवाईक बसलेले असत, त्यांच्यापुढे जाऊन त्या केळं धरायच्या. नको म्हणणाऱ्याला सोलून हातात द्यायच्या. मला सुरुवातीला ते विचित्र वाटायचं. आत माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि बाहेर केळी वाटतात! एकदा मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "उपाशी माणसाला वाईट बातमी सांगू नये. तो कोसळतो. मग मला एकाऐवजी दोन पेशंट."

नवीन माणसं त्यांना चर्चच्या सिस्टर समजायची. नालासोपाऱ्याची एक आजी तर त्यांच्या पाया पडायला वाकली होती आणि कुठल्या कॉन्व्हेंटच्या म्हणून विचारत होती. सिस्टरांनी तिला मध्येच धरून उभं केलं. "आजी, माझा नवरा आहे घरी, आंतोन नाव त्याचं. मी चर्चची सिस्टर नाही, सलाइनची सिस्टर." पुढे ते नावच पडलं. हॉस्पिटलच्या आयामावशीसुद्धा फोनवर सांगायच्या, "सलाइनच्या सिस्टर ड्युटीवर आहेत, घेऊन या."

ड्युटीवर त्या आमच्यासारखंच मराठी बोलायच्या. पण नंदाखालची एखादी म्हातारी घाबरून आली की त्या एकदम घरच्या बोलीत शिरायच्या, आणि ती म्हातारी निम्मी तिथेच बरी व्हायची. बेशुद्ध माणसाशीही बोलायच्या. "बाबा, आता सुई टोचते हां. जरा दुखेल." नवीन डॉक्टर हसायचे. सिस्टर म्हणायच्या, "त्याला ऐकू येत नाही हे तुम्हाला त्याने सांगितलं का?"

यावरून त्या फार मायाळू होत्या असं कुणाला वाटेल. तशा त्या कडकही होत्या. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे की नाही हे चिठ्ठी वाचून त्यांना पटायचं नाही, स्वतः चावी फिरवून फुस्स असा आवाज ऐकायच्या. आमच्या एका नर्सने तातडीच्या औषधांचं खोकं न उघडता 'तपासलं' अशी टीप मारली होती, तेव्हा सिस्टरांनी तिला दिवसभर त्या खोक्याशेजारी उभं केलं. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बघ त्याच्याकडे. उद्या तुझी त्याच्याशी ओळख असली पाहिजे."

मात्र त्यांच्याही हातून एकदा चुकलं, आणि पुढे जे झालं ते त्या चुकीतून झालं असं मला वाटतं.

अर्नाळ्याची हिराबाय मासळी विकायला आमच्या गेटबाहेर बसायची. एका दुपारी ती नवऱ्याला घेऊन आली. तो स्वतःच्या पायांनी चालत आला, छातीवर हात धरून. "सकालपासून दुखतंय, पन ऐकत नाय," हिराबाय म्हणाली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, औषध दिलं, आणि थोडा वेळ इथेच बघू म्हणाले. आमच्याकडे हृदयाच्या तुंबलेल्या नळ्या तपासून उघडायची सोय नव्हती, ती रेल्वेच्या पुलापलीकडे, पूर्वेला. सिस्टरांनी कागद बघितला होता. त्यांना तो आवडला नव्हता. पण त्या काही बोलल्या नाहीत. तासाभराने तो माणूस पाणी मागत उठला आणि खाटेवरच कोसळला. सगळ्यांनी मिळून पाऊण तास छाती दाबली. तो गेला.

चारेक दिवसांनी सिस्टर मला म्हणाल्या, "वैशाली, मला अर्नाळ्याला जायचंय. मागे बसतेस का?" मी बसले. मासळी सुकवायच्या बांबूंच्या पलीकडे हिराबायचं घर होतं. ती ओट्यावर बसली होती. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "हिराबाय, तुझ्या नवऱ्याला आल्याबरोबर पलीकडे पाठवायला हवं होतं. मला कागद बघून कळलं होतं. मी डॉक्टरांना बोलायला हवं होतं. बोलले नाही."

असं कुणी सांगतं का? केस होईल, नोकरी जाईल. हिराबायने ओट्यावरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "वाचला असता?"

"माहीत नाही. पण वाचायची संधी मिळाली असती."

हिराबायने पदराने डोळे पुसले. "तू सांगितलंस. नायतर कोन सांगतं?" असं म्हणून ती आत गेली आणि दोन कप काळा चहा घेऊन आली. आम्ही तो प्यायलो. परत येताना सिस्टरांनी स्कूटी इतकी हळू चालवली की मागचे सगळे हॉर्न वाजवत पुढे गेले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी संस्थेने नवे संचालक आणले. डॉक्टर सामंत. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात काम केलेले, चाळिशीतले, नम्र बोलणारे, भरभर चालणारे. संस्थेचं वालीवला, म्हणजे पूर्वेकडे, नवं मोठं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. डॉक्टर सामंतांनी सगळ्यांना बोलावून भिंतीवर नकाशा दाखवला. पश्चिमेची कॅज्युअल्टी बंद करून सगळी तातडीची सेवा वालीवला न्यायची. आमच्याकडे फक्त ओपीडी राहील. "दोन ठिकाणी अर्धं-अर्धं ठेवण्यात काही पॉइंट नाही," ते म्हणाले. "तिकडे आयसीयू आहे, सर्जन आहे, भूल देणारे डॉक्टर चोवीस तास आहेत. इथे सिरियस पेशंट आला की आपण नुसता वेळ घालवतो. आणि अँब्युलन्सने पंचवीस मिनिटांत तिकडे."

पंचवीस मिनिटं म्हटल्यावर आमचा ड्रायव्हर गजानन खाली मान घालून हसला. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या आईला दमा आहे. आदल्या थंडीत तिला निर्मळहून आणलं तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. सिस्टरांनी केसपेपरही न मागता तिला मास्क लावला होता. वालीवपर्यंत ती टिकली नसती, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

दोन दिवसांत गावागावांत बातमी गेली. गेटवर फलक लागले, 'कॅज्युअल्टी वाचवा'. एक अर्ज तयार झाला, त्यावर सह्या गोळा करायचं काम मी खिडकीतूनच सुरू केलं. केसपेपर देताना अर्ज पुढे सरकवायचा. शेकड्याने सह्या झाल्या. सगळ्यांत वरची जागा मी मोकळी ठेवली होती, मार्सेलीन सिस्टरांसाठी. त्यांचं नाव वर असलं की मग कुणाची बिशाद!

त्या वेळी त्या काचेच्या बरणीत कापसाचे बोळे भरत होत्या. त्यांनी चष्मा लावला, अर्ज पूर्ण वाचला आणि परत दिला.

"यात लिहिलंय, 'सध्याच्या सेवेत कोणताही बदल करू नये.' ह्यावर मी सही कशी करू? बदल तर हवाय."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या बाजूने?"

"हिराबायच्या नवऱ्याला मी इथे ठेवून घेतलं. अजून किती जणांना ठेवून घेऊ?"

मला तेव्हा त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला आईचे जांभळे ओठ दिसत होते. मी म्हणाले, "तुमची रिटायरमेंट दीड-दोन वर्षांवर आली. तुम्हाला काय पडलंय!"

सिस्टर "हं" म्हणाल्या आणि पुन्हा बोळे भरायला लागल्या. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. गावातही तेच झालं. सिस्टर संस्थेला फितूर झाल्या, त्यांना वालीवला मोठी जागा देणार आहेत, असं लोक बोलायला लागले. नंदाखालच्या त्यांच्या शेजाऱ्याने रविवारी चर्चबाहेर त्यांच्याकडे पाठ फिरवली. हे मला आंतोनकाकांनी नंतर सांगितलं. सिस्टरांनी कधीच नाही.

पुढच्या सोमवारी त्या खिडकीशी आल्या. "संध्याकाळी साडेपाचला मोकळी आहेस ना? घड्याळ आणि वही घे. तुझं अक्षर चांगलं आहे."

अँब्युलन्स दाराशी उभी होती. डॉक्टर सामंत तिच्याजवळ घुटमळत होते. सिस्टरांनी त्यांना सकाळीच गाठलं होतं. त्या त्यांना काय म्हणाल्या ते मला नंतर कळलं. "साहेब, तुमची योजना निम्मी बरोबर आहे. कुठली निम्मी ते केबिनमध्ये बसून सांगता येत नाही. एक फेरी मारू. पेशंट मी होते." डॉक्टर सामंतांना नाही म्हणता आलं नसावं. नव्या पेशंटसाठी दुसरी गाडी दाराशी तयार आहे हे सिस्टरांनी स्वतः बघून घेतलं, मग बूट काढले आणि ट्रॉलीवर आडव्या झाल्या. गजाननने आणि मी त्यांना आत ढकललं. डॉक्टर बाजूच्या बाकावर बसले, मी त्यांच्याशेजारी.

"मला वाडीत नाग चावलाय," सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या. "दहा मिनिटांपूर्वी. इथे आता कुणी नाही, म्हणून वालीवला चाललोय. वैशाली, वेळ लिही."

मी लिहिलं. पाच चाळीस.

आगाशीच्या रस्त्याला गाडी बरी चालली. नालासोपाऱ्याजवळ आलो आणि थांबलो. पुढे बस, बसपुढे टेम्पो, टेम्पोपुढे रिक्षांची रांग. डॉक्टर म्हणाले, "खरा पेशंट असता तर सायरन असता, सिस्टर. हे फेअर नाही." गजानन आरशातून म्हणाला, "साहेब, सायरन लावतो पाहिजे तर. पण पुलावर गाड्या जाणार कुठे? दोन्ही बाजूंना कठडा आहे."

"सहा वाजून दोन," मी वाचलं.

"माझ्या पापण्या जड झाल्यात," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी डोळे अर्धवट मिटले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता थुंकी गिळता येत नाही. आवाज बदललाय माझा."

पुलाच्या चढावर आम्ही पुन्हा थांबलो. बाहेर हॉर्न, आत गरम हवा. सहा पंधरा झाले. सिस्टर काही बोलेनात. डॉक्टर सामंतांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाले, "सिस्टर?" उत्तर नाही. "सिस्टर, बोला ना." ते वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीच काळजी दिसली. तेवढ्यात सिस्टरांनी एक डोळा उघडला.

"नाग चावलेला माणूस या वेळेला बोलत नसतो, साहेब. त्याचा श्वास बंद पडलेला असतो. अँबू बॅग घ्या."

डॉक्टरांनी भिंतीवरची अँबू बॅग काढली, श्वास बंद पडलेल्या माणसाला हवा देतात तो रबरी फुगा, आणि सिस्टरांच्या डोक्याशी धरून हवेतच दाबायला सुरुवात केली. मोजून, तालात. पाच मिनिटांनी त्यांनी हात बदलला. दहा मिनिटांनी पुन्हा बदलला. शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी थांबून चालेल का असं एकदाही विचारलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. वालीवच्या कारखान्यांची सुट्टी झाली होती, रस्ता माणसांनी आणि सायकलींनी भरला होता. गजानन इंचाइंचाने गाडी काढत होता. हॉस्पिटलच्या दारात थांबलो तेव्हा सहा बावन्न झाले होते.

सिस्टर उठून बसल्या. अंबाडा सारखा केला. "मी वाचले. तुमच्या हातामुळे वाचले, साहेब. रोज गाडीत तुम्ही असाल का?"

डॉक्टर सामंत मनगट चोळत बसले होते. मग आम्ही चौघांनी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तिथे उभं राहूनच त्यांनी विचारलं, "मला सांगा, काय ठेवायचं आणि काय न्यायचं?"

सिस्टरांना विचार करावा लागला नाही. छातीत दुखणारा, डोक्याला मार लागलेला, पक्षाघाताचा, हे आमच्या दारात थांबवायचेच नाहीत. बघितलं, लिहिलं, तिकडे फोन केला आणि गाडीत घातलं. पण सापाचा, दम्याचा, बुडालेला, विष प्यालेला, रक्त वाहणारा, कळा सुरू झालेली बाई, यांना आधी आमच्याकडे सावरायचं आणि मगच पूल चढू द्यायचा. त्यासाठी सहा खाटा नकोत, तीन पुरतात. पण श्वासासाठी घशात नळी घालू शकेल असा एक डॉक्टर आणि शिकलेली एक नर्स, प्रत्येक पाळीला, सुट्टीच्या दिवशीही. "आणि पेशंट निघाला की त्याच्याबरोबर गाडीत एक जण. ड्रायव्हरच्या भरवशावर नाही."

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर सिस्टर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेल्या. मी त्यांची माफी मागणार होते. ती राहूनच गेली.

त्यानंतर आठवड्याने चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. हॉल भरला, माणसं खिडक्यांबाहेर उभी राहिली. डॉक्टर सामंतांनी बदललेली योजना सांगायला सुरुवात केली, पण "तीन खाटा" म्हटल्याबरोबर गलका झाला. "आमची माणसं पुलावर मारणार का?" कुणीतरी ओरडलं. सिस्टर उठल्या तर मागून आवाज आला, "तुम्ही बसा, तुमचं ठरलंय सगळं!" मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ज्यांच्या घरातलं निदान एक माणूस त्यांच्या हाताखालून गेलं होतं, ती माणसं त्यांना बसा म्हणत होती. त्या उभ्याच राहिल्या, पण गलका थांबेना.

तेव्हा बायकांच्या रांगेतून हिराबाय उठली. ती येणार आहे हे सिस्टरांनाही माहीत नव्हतं.

"मना बोलू द्या," ती म्हणाली. "माझा नवरा हितंच मेला. ह्याच दवाखान्यात. जवल हाय म्हनून मी हितं आनला. जवल व्हता, पन यंत्र नव्हतं. मना हे कोनी सांगितलं? हिनी सांगितलं. माझ्या दारात येऊन, जमिनीवर बसून सांगितलं. तुमच्यातल्या कोनाला कोनत्या डाक्टरनी असं सांगितलंय? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मंग ती काय सांगते ते ऐका तरी," हिराबाय म्हणाली आणि बसली.

सिस्टर मग बोलल्या. दहा मिनिटं, फार तर. कुणाला कुठे नेलं तर काय होतं एवढंच सांगितलं, भाषण असं काही नव्हतं. प्रश्न आले. आईच्या दम्याचा प्रश्न मीच विचारला, सगळ्यांसमोर. "तुझ्या आईला आधी आपल्याकडेच आणायचं," त्या म्हणाल्या, जणू मी अनोळखी बाई होते आणि हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या.

योजना त्याप्रमाणे झाली, पण सगळंच मनासारखं झालं असं नाही. तीन खाटा गेल्या. प्लास्टरची खोली गेली, आता हात मोडला की वालीवला जावं लागतं आणि लोक अजून त्यावरून बोल लावतात. जास्तीचा डॉक्टर मिळायला आठ महिने लागले, त्यासाठी सिस्टरांनी आणि डॉक्टर सामंतांनी संस्थेच्या किती पायऱ्या झिजवल्या त्याला गणती नाही. तातडीच्या सेवेचं प्रमुखपद वालीवला गेलं, तिथल्या एका तरुण सिस्टरला मिळालं. मार्सेलीन सिस्टर आधी इनचार्ज होत्या, त्या आता नुसत्या सिस्टर झाल्या, आणि नव्या मुलींना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. नंदाखालचा तो शेजारी शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. मात्र छातीत दुखणारी माणसं आता आमच्याकडून दहा मिनिटांच्या आत निघतात आणि पलीकडे त्यांची वाट बघत माणसं उभी असतात. त्यांतली काही परत येऊन मला खिडकीतून हात करतात.

गेल्या मे महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. केक कापायला लावलात तर घरी निघून जाईन, अशी धमकी दिली. शेवटच्या दिवशी दुपारी त्या स्वतःचं कपाट रिकामं करत होत्या तेव्हा रिक्षा आली. मोगऱ्याच्या वाडीत फुलं तोडायला गेलेल्या एका बाईला गांधीलमाश्या चावल्या होत्या. चेहरा सुजून डोळे बंद झालेले, श्वास शिटीसारखा वाजत होता. मी खिडकीतून उठून दार धरलं. नाव विचारलं नाही.

ड्युटीवर स्नेहल होती. तेवीस-चोवीस वर्षांची, विरारची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली. डॉक्टर धावत आले. सिस्टर कपाटाजवळून दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. स्नेहलने एकदा त्यांच्याकडे बघितलं. सिस्टरांनी मान वळवली आणि खिडकीतून बाहेर बकुळीकडे बघायला लागल्या.

मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं होतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. आत स्नेहल सांगत होती, "ताई, इंजेक्शन देतेय हां मांडीत. टोचेल." ट्रेची खणखण झाली. ऑक्सिजनचा फुस्स आवाज आला. एकदा डॉक्टर चढ्या आवाजात काहीतरी म्हणाले, तेव्हा सिस्टरांचा खांदा हलला. पण पाऊल हललं नाही. ते किती मिनिटं चाललं मला सांगता येणार नाही, त्या दिवशी माझ्याजवळ वही नव्हती. मग शिटीचा आवाज कमी कमी होत गेला आणि ती बाई खोकली, आणि खोकून झाल्यावर पाणी मागितलं.

सिस्टरांनी मनगट सोडलं. हातावर चार बोटांचे वळ उठले होते. त्यांनी आत वळून एकदाही बघितलं नाही. कपाटातली पिशवी घेतली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "चल, मी निघते. माझं काम नाही आता इथे."

आणि त्या स्कूटीला किल्ली लावून, बघता बघता, गेटबाहेर पडल्या.